घरगुती साबण: जयेंद्रगंजातल्या नवशिक्यांसाठी

घरातला साबण संपला असेल तर हे पान उलटा. चौकातल्या कोणत्याही किराण्याच्या दुकानात दहा रुपयांपासून वडी मिळते. ती आणा आणि अंघोळ उरका. घरी साबण करणाऱ्याला साबणाची गरज असून चालत नाही. आज ओतलेली वडी अंगाला लावण्याजोगी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तितके दिवस तुम्ही बिनअंघोळीचं राहणं ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये शेजाऱ्यांना परवडणारं नाही.

तेव्हा पहिली पात्रता, घरात साबण भरपूर असणे. दुसरी पात्रता जरा अवघड आहे: अंदाज सोडावा लागतो. आपली लश्करातली मराठी घरं, दौलतगंजापासून चिटणीसांच्या गोठीपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या अंदाजावर जेवत आली आहेत. मीठ चवीपुरतं, पाणी बेताचं, मोहन पिठाची मूठ वळेल एवढं, आणि चिवड्याला तेल किती असं विचारलं तर उत्तर येतं, "लागेल तेवढं." या पद्धतीने चकली होते, पुरणपोळी होते, मुलांची लग्नंसुद्धा जमतात. साबण होत नाही. साबणात अंदाजपंचे चाललं की दोहोंपैकी एक हाती येतं: महिनाभर न सुकणारा तेलकट लगदा, नाहीतर कातडी सोलणारा दगड.

मुहूर्त

नवशिक्याला साबण करायची बुद्धी दसऱ्याच्या आसपास होते. यंदा नरकचतुर्दशीला उटणंही घरचं आणि साबणही घरचा, अशी घोषणा तो जेवताना करून टाकतो. दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत जेमतेम एकोणीस दिवस. तेवढ्यात वडीतलं पाणी उडत नाही; पहाटे चारच्या अंधारात ती हातातून सटकते आणि अभ्यंगाआधीच मोरीत विरघळून जाते.

पंचांग उघडा. अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशीपर्यंत साधारण चव्वेचाळीस दिवस होतात, म्हणजे सहा आठवडे आणि वर दोन दिवस. साबणासाठी इतका चोख मुहूर्त कोणत्याही शास्त्रीबुवांनी काढून दिला नसता. एक-दोन दिवसांत पितृपक्ष लागतो आणि "या दिवसांत नवं काही सुरू करू नये" म्हणणारं एक तरी वडीलधारं माणूस घरात असतंच, म्हणून गणपती पोचवून आल्यावर त्याच संध्याकाळी उरकून घ्या.

हे जमलं नाही तर ऋतू तरी नीट निवडा. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं. जानेवारीतल्या आपल्या थंडीत ते बाटलीतून बाहेरच येत नाही. वितळवून ओतलं तरी गार पातेल्याला लागून पुन्हा घट्ट होतं आणि मिश्रण आळलं असा खोटा आनंद होतो. प्रत्यक्षात तेल नुसतं गोठलेलं असतं, खाली कॉस्टिक सोड्याचं पाणी तसंच मोकळं. उलट मे महिन्यात, लू सुरू असताना ओतलेला साबण स्वतःच्याच उष्णतेने फुगतो, मधोमध तडकतो आणि साच्याबाहेर येऊन ओट्यावर पसरतो. पावसाळ्यात वडीला घाम फुटतो. तो ग्लिसरीनने हवेतून ओढलेला ओलावा, त्याने काही बिघडत नाही, पण पाहुण्यांना समजावून सांगत बसावं लागतं.

सामान आणि सासूबाई

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा, भाजीवाल्याची तागडी आणि "माझ्या हाताला बरोबर कळतं" हे तिन्ही बाद. एवढ्या एका खरेदीत कंजुषी करू नका, बाकी सगळीकडे करा.

पातेलं स्टीलचं. इथे घरात पहिला संघर्ष होतो, कारण बिनवापराचं म्हणून जे पातेलं माळ्यावरून काढून मिळतं ते हटकून अ‍ॅल्युमिनियमचं असतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, पातेलं काळं पडून फसफसतं आणि हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो. मग कोणीतरी आजीचं पितळी पातेलं सुचवतं. त्याला कल्हई असते, आणि कल्हईचं कथीलही कॉस्टिकात विरघळतं. काच एकाएकी तापून तडकते. राहिलं स्टील, आणि स्टीलचं प्रत्येक पातेलं घरात कशाचं ना कशाचं तरी असतं.

"हे दुधाचं आहे."

"मग हे?"

"हे वरणाचं. आणि तो डाव सोवळ्यातला आहे, त्याला हात लावू नका."

बाजारात जाऊन एक नवं पातेलं आणि एक लांब दांड्याचा चमचा आणा, त्यावर रंगाने 'साबण' असं लिहा आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी व्यवस्था करा. सासूबाईंचं म्हणणं इथे शास्त्राला धरून आहे.

ढवळायला हातात धरून चालवायचा ब्लेंडर. चटणीचा मिक्सर चालत नाही; झाकणबंद भांड्यात कढत कॉस्टिक घुसळणं हा घरगुती उद्योग नाही, अपघात आहे. साचा म्हणून श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा उत्तम, नाहीतर दुधाचा पुठ्ठ्याचा डबा आतून धुऊन. डोळ्यांना चष्मा, तोही रसायनशाळेत घालतात तसा बाजूने बंद. हातात रबरी मोजे. अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. आणि पाणी डिस्टिल्ड. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. बोअरिंगच्या पाण्यातला चुना साबण तयार होण्याआधीच त्याच्यावर बसतो.

कॉस्टिक

साबण म्हणजे तेल अधिक कॉस्टिक सोडा. तिसरं काही नसतं. गुलाब, केशर, चंदन, कोरफड, बकरीचं दूध ही सगळी वऱ्हाडी मंडळी. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण घरी साबण करणाऱ्या दहांतले नऊ जण "आम्हाला केमिकल नको" म्हणून या मार्गाला लागलेले असतात, आणि कॉस्टिकचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा पडतो. काही जण मग बाजारातून तयार पांढरा ठोकळा आणतात, वितळवतात, त्यात दोन थेंब अत्तर घालतात आणि कॉस्टिक न वापरता साबण केल्याचं सांगतात. त्या ठोकळ्यात कॉस्टिक दुसऱ्या कोणी घातलेलं असतं, एवढंच.

कॉस्टिक घालावं लागतं. मोजमाप बरोबर असेल तर शेवटी ते उरत नाही. तेलातली आम्लं ते खाऊन टाकतं आणि दोघं मिळून साबण व ग्लिसरीन होतात. पूर्वी हेच काम सज्जीखार करायचा. उत्तरेकडच्या ऊसर जमिनीवर पांढरी 'रेह' फुटते, तीच खरवडून धोबी कपडे धूत. रिठे आणि शिकेकाई या हिशेबात नाहीत, त्यांचा फेस वेगळ्या कुळातला.

मग कारखान्यांचा साबण आला. 1888 साली इंग्लंडहून सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याला उतरल्या. पुढची तीसेक वर्षं साबणात चरबी असते की नाही यावर इथल्या घरांत वाद झाले, आणि 1920 च्या आसपास अर्देशीर गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणून त्या वादाचा धंदा केला. त्याच्या थोडं आधी, 1916 त, म्हैसूर सरकारने बंगळुरात चंदनाच्या साबणाचा कारखाना काढला. महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडकली होती आणि लाकडाचे ढीग पडले होते. स्वदेशीच्या दिवसांत घरोघरी साबण, शाई आणि दंतमंजन करून बघायची हौस होती. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाने तर असल्या छोट्या उद्योगांवर वाचकांच्या पिढ्या वाढवल्या. तुम्ही काही नवीन करत नाही आहात. नवीन आहे ती फक्त 'ऑरगॅनिक' अशी चिठ्ठी.

कॉस्टिक आणायला दाल बाजार, नया बाजार किंवा लोहिया बाजाराच्या बाजूला जा. दुकानदार तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघेल.

"नाली खोलनी है कि साबुन बनाना है?"

साबण, असं सांगितलंत की तो खुलेल. त्याच्या आईने कपड्यांचा साबण घरीच केलेला असतो: तळणीचं उरलेलं तेल, कॉस्टिक आणि भरीला बेसन किंवा मैदा. तो तुम्हाला कृतीही सांगेल, तोंडी, फुकट, एकास सहा. म्हणजे एक किलो कॉस्टिकला सहा किलो तेल. नम्रपणे ऐकून घ्या आणि घरी येऊन हिशेब करा. सहा किलो सरसोंच्या तेलाला सुमारे 740 ग्रॅम कॉस्टिक पुरतं. उरलेलं पाव किलो मोकळंच राहतं, आणि ते चादरीवरचा डाग काढतं तशी बोटांच्या पेरांवरची कातडीही काढतं. कपड्यांना ठीक, नातवंडांना नाही.

जाता जाता एक गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी. 1947 साली स्थापन झालेली ग्वालियर रेयॉन ही कंपनी पुढे ग्रासिम झाली, आणि ग्रासिम आज देशात सर्वांत जास्त कॉस्टिक सोडा तयार करते. तिचा कॉस्टिकचा पहिला कारखाना निघाला तो आपल्याच प्रांतात, नागद्याला, 1972 त. तेव्हा हात भाजलाच तर गावच्याच नावाने भाजला असं समाधान मानता येईल.

पण भाजून घेऊ नका. इथे थट्टा बाजूला ठेवतो. कॉस्टिकचे चपटे पांढरे तुकडे खडीसाखरेच्या जवळ ठेवले तर लहान मुलांना ते खडीसाखरच वाटतात, आणि पोटात गेलं तर अन्ननलिका जळते. म्हणून ते कधीही खाण्याच्या डब्यात, बाटलीत किंवा स्वयंपाकघरात ठेवायचं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, मोठ्या अक्षरांत नाव लिहून, कुलपात. अंगावर उडालं तर नळाखाली धरा आणि वीस मिनिटं तरी पाणी वाहू द्या. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका, त्याने उष्णता वाढते. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूतच दवाखाना गाठा.

विरघळवताना पाण्यात कॉस्टिक घालायचं, थोडं थोडं, ढवळत. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही; ते उसळून तोंडावर येतं. पाणी गॅसवर न ठेवता आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि त्यातून घशाला झोंबणारी वाफ निघते. म्हणून हे काम गच्चीवर करा, वाऱ्याकडे पाठ करून. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत असतील तर वेळ बदला, नाहीतर "तिकडे काय जाळताय?" पासून सुरू झालेला संवाद गल्लीभर जाईल.

तेल, आणि शेव्रलसाहेबांचा हिशेब

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. हे का होतं ते मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलं आणि 1823 साली ग्रंथरूपाने मांडलं: चरबी आणि तेल हा एकच पदार्थ नसून निरनिराळ्या आम्लांचा ग्लिसरीनशी झालेला संसार आहे, आणि कॉस्टिक तो मोडतं. शेव्रल 102 वर्षं जगला. साबणाच्या जाहिरातवाल्यांनी याचा उपयोग अजून कसा केला नाही कोण जाणे.

त्या भुकेचा आकडा असा: एक ग्रॅम खोबरेलाला 0.183 ग्रॅम कॉस्टिक, सरसोंच्या तेलाला साधारण 0.123, एरंडेलाला 0.128. म्हणजे "तेल ते तेल" म्हणून खोबरेलाच्या मापाने सरसोंचा साबण केला तर कॉस्टिक जवळजवळ दीडपट पडेल. आपल्याकडे हा मोह फार. कारण मुरैना-भिंडचा सगळा पट्टा सरसोंचा, मुरैन्यात तेलाच्या गिरण्या, आणि ग्वाल्हेरचं मराठी घरही तीन-चार पिढ्यांत लोणचं, मालिश आणि तळण यांपुरतं सरसोंवर आलेलं. पुण्याची आत्या आली की नाकाला पदर लावते, तो भाग वेगळा.

नुसत्या सरसोंचा साबण मऊ होतो. फेस जवळपास नाही, आणि कच्च्या घाणीचं तेल असेल तर झणका कमी झाला तरी पुरता जात नाही. या तेलात इरुसिक नावाचं बावीस कार्बनांचं लांबलचक आम्ल भरलेलं असतं; ते त्वचेला मवाळ, पण फेसाला आळशी. खोबरेलाचं लॉरिक आम्ल बारा कार्बनांचं, ते झटपट विरघळून भरभरून फेस देतं. पण नुसत्या खोबरेलाच्या वडीने अंग असं कोरडं पडतं की हिवाळ्यात पायांवर नखाने नाव लिहिता यावं. म्हणून दोघांची सोयरीक जुळवायची आणि एरंडेलाला मध्यस्थ ठेवायचं, कारण आलेला फेस तो टिकवून धरतो.

आता आकडे. सरसोंचं तेल 250 ग्रॅम, खोबरेल 200 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. गुणाकार-बेरीज केली की कॉस्टिक साधारण 73.75 ग्रॅम येतं. त्यातून पाच टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं, अंगाला बरं आणि चुकीला जागा. झालं 70 ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, 140 ग्रॅम.

तेलसुद्धा वजनानेच. तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 1 लिटर असतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत 910 ग्रॅम. ही बारीक अक्षरं न वाचता लिटरला किलो धरलंत, तर तेल नऊ टक्के कमी पडलं. पाच टक्क्यांची सूट तिथेच बुडाली, वर चार टक्के कॉस्टिक मोकळं राहिलं. साबणातल्या निम्म्या फजित्या या एका ओळीत आहेत, बाकीच्या निम्म्या "थोडं जास्त झालं तर काय होतंय" या वाक्यात.

ढवळणे

तेलं एकत्र कोमट करा, कॉस्टिकचं पाणी निवू द्या. दोन्ही चाळीस अंशांच्या आसपास आली की पाणी तेलात हळू ओता आणि ब्लेंडर पूर्ण बुडवून मग सुरू करा. आधी सुरू करून मग बुडवलात तर भिंतीवर जे काही उडेल ते पुढच्या रंगकामापर्यंत दिसत राहील.

सरसोंचं तेल लवकर आळत नाही. ब्लेंडरने काही मिनिटं, नुसत्या लाकडी दांड्याने ढवळलंत तर तास-दीड तास, आणि त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण "अजून झालं नाही?" विचारून जातो. कधी थांबायचं याची खूण अशी: मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर रेघ होऊन राहिली की पुरे. याच्यापुढे घोटत बसलात तर ते पातेल्यातच बसेल आणि साच्यात लिंपावं लागेल.

आणि इथे नवशिक्याच्या मनात कला जागी होते.

हळद घालू नका, किंवा घालायचीच तर परिणाम माहीत असू द्या. उटण्यासारखा पिवळाधमक साबण होईल या आशेने दोन चमचे हळद घातली की मिश्रण बघता बघता लाल होतं. घाबरायचं कारण नाही. हळदीला चुन्याचं पाणी लावूनच तर पूर्वी कुंकू करत. कॉस्टिक चुन्याहून जबर, म्हणून रंगही तितकाच गडद. पुढे तो विटकरी होतो आणि टॉवेलवर उतरतो. दूध घातलं तर त्यातली साखर जळून सगळं भगवं होतं आणि काही वेळ अमोनियाचा वास येतो. ज्यांना दूध हवंच असतं ते ते गोठवून, बर्फाच्या खड्यांवर कॉस्टिक घालतात. गुलाबाच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी तपकिरी, कडुनिंबाचा पाला तिसऱ्या दिवशी मातकट. केशर घालणाऱ्यांविषयी काही बोलण्यासारखं नाही, पैसा त्यांचा आहे. लवंगेच्या तेलाने मिश्रण हातातल्या हातात थिजतं. मुलतानी माती आणि चमचाभर बेसन तेवढं निमूट बसतं, रंगही बरा देतं. वासासाठी वाळ्याचं अत्तर चालेल. कनौजचं असेल तर थोडं साबणात आणि जास्त स्वतःला लावा, कारण सरसोंपुढे त्याचं काही चालायचं नाही.

साचा, कापणी, वाट पाहणे

साच्यात ओता, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि चोवीस तास त्याच्याकडे बघू नका. हे कोणालाच जमत नाही. मधोमध तो अर्धपारदर्शक, जेलीदार दिसू लागला की बिघडला असं वाटून लोक ढवळायला जातात. तो बिघडलेला नसतो, तापलेला असतो आणि आपलं काम करत असतो.

दुसऱ्या दिवशी, किंवा थंडीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मोजे घालून काढा आणि कापा. पहिली वडी ट्रॅपेझियम होते, दुसरी पाचर, शेवटचा तुकडा कोणत्याच भूमितीत बसत नाही. वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर तो धुण्याचा सोडा आहे, पुसून टाका. पण वडीच्या पोटात पांढरे खडे असतील, किंवा कापताना पाणी सुटलं, तर ते न विरघळलेलं कॉस्टिक समजा आणि ती सगळी वडी अंगापासून लांब ठेवा.

जाणती मंडळी वडीला ओलं बोट लावून ते जिभेच्या टोकाला टेकवतात. कॉस्टिक मोकळं असेल तर विजेचा बारीक झटका बसल्यागत होतं, नसेल तर फक्त साबणाची चव लागते. ही परीक्षा घरातल्या जावयावर घेऊ नये.

मग वड्या सुट्या सुट्या, हवा लागेल अशा, उन्हापासून लांब ठेवा. सकाळ-संध्याकाळ उलट्या करत राहा. वजन करत राहा. काटा आणलाच आहे. वजन घटायचं थांबलं की वडी तयार.

पाणी

इतकं करूनही फेस येत नाही, अशी तक्रार घेऊन आलात तर आधी हे सांगा, बादलीत पाणी कुठलं? बोअरिंगच्या जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडून त्याचा पांढरा चिकट साका करतो, जो बादलीच्या कडेला गोल बसतो आणि घासणाऱ्या बाई त्याबद्दल तुम्हालाच बोलतात. तोच साबण तिघऱ्याच्या पाण्यात पुष्कळ बरा चालतो. तिघरा धरण 1916 त झालं, 1917 त फुटलं, पुन्हा बांधलं गेलं आणि आजही शहर त्याच्या तोंडाकडे बघत असतं. तेव्हा नळ आला त्या दिवशी घरचा साबण, टँकर आला त्या दिवशी दुकानचा, अशी विभागणी करायला हरकत नाही.

वाटप

साबण जमला की नवशिक्याला तो विकावासा वाटतो. अंगाला लावायचा साबण कायद्याच्या नजरेत सौंदर्यप्रसाधन आहे. 1940 चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा व त्याखालचे 2020 चे नियम यांप्रमाणे विक्रीसाठी करायचा तर परवाना लागतो, जागा लागते, जाणकार माणूस लागतो. त्यामुळे पहिली काही वर्षं तरी फुकट वाटा. हळदीकुंकवाचं वाण म्हणून आपल्या मंडळातल्या बायका तो घेतीलही. "घरी केलाय? अय्या!" असं म्हणतील, वास घेतील, क्षणभर थांबतील, आणि पुन्हा "अय्या" म्हणतील.

पुण्याच्या आत्याला पाठवाल तेव्हा एक काळजी घ्या. आपल्याकडे चांगला साबण वापरत नाहीत, तो कपाटात साड्यांच्या घडीत वासासाठी ठेवतात. घरच्या साबणात तेल शिल्लक असतं. काही महिन्यांत ते खवट होऊन वडीवर नारिंगी ठिपके पडतात, आणि मग ते ठिपके चंदेरीवर उतरतात. म्हणून वेष्टनावर तयार केल्याची तारीख घाला, खाली ठळक अक्षरांत "हा वापरायचा आहे, ठेवायचा नाही" असं लिहा, आणि पार्सल पोचल्यावर फोन करून आत्याने ते वाचलं का, हेही विचारा.